वारीतलं वारीत, गावातलं गावात?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी झालेले व्याख्यान. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)





मी कीर्तनकार नाही. मला चाल लावता येत नाही आणि माझ्या आवाजात दमही नाही. मी याच गावची लेक. तीस वर्षं कॉलेजात पोरांना मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. परवा समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "ताई, दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला." मी विचारलं, कशावर बोलू? त्यांच्यातले एक आजोबा म्हणाले, "माणूस वारीत असतो तसा घरी का राहत नाही, तेवढं सांगा. मी पन्नास वाऱ्या केल्या, मला अजून कळलं नाही." आता पन्नास वाऱ्या केलेल्या माणसाला मी काय सांगणार? पण प्रश्न खरा आहे. म्हणून आज तेवढ्यावरच बोलते.

सुरुवात माझ्या आईपासून करते.

मी दहा वर्षांची असताना आईबरोबर पहिल्यांदा वारीला चालले. दिवे घाटात ऊन मी म्हणत होतं. आईच्या डोक्यावर तुळस, माझ्या हातात तिचं पिशवीचं गाठोडं. आमचं पाणी संपलं. शेजारून आमच्याच गावची एक बाई चालत होती, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तिच्याजवळ पितळेचा तांब्या होता. आईनं हात पुढं केला, तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्याली. मग मला दिला. मीही प्याले. ती बाई हसली. त्या दिवसापासून वाखरीपर्यंत मी तिला मावशी म्हणत होते.

वारी संपली, गावी आलो. आठ-पंधरा दिवसांनी ती मावशी आमच्या दारात आली. शेतातून येताना तहान लागली होती. आईनं आतून तांब्या आणला, ती खाली ओंजळ धरून बसली, आणि आईनं वरून पाणी सोडलं. तांब्या तिच्या हातात दिला नाही.

ती गेल्यावर मी आईला विचारलं, "आई, घाटात तर तू तिच्याच तांब्यानं पाणी प्यालीस की!" आई काम करता करता म्हणाली, "वारीतलं वारीत, गावातलं गावात."

माझी आई वाईट बाई नव्हती. दारी आलेलं कुत्रंसुद्धा तिनं कधी उपाशी पाठवलं नाही. ती घाटात खोटं वागली का? नाही. मग दारात खोटं वागली का? तेही नाही. दोन्हीकडे ती मनापासूनच वागली. मग त्यातली खरी आई कोणती? पुढं हाच विषय मी कॉलेजात शिकवत राहिले, पण प्रश्न मला त्या उंबऱ्यावर पडला होता.

आता बघा. मला कुणी शिकवलं होतं का, की अमक्याला वरून पाणी घालायचं? शाळेत नाही, कीर्तनात नाही, आईनंही नाही. तरी बाराव्या वर्षी मला ते येत होतं. मी एकदा स्वतः तसं पाणी घातलेलं आहे, हे आज तुमच्यासमोर कबूल करते. मनाचा कल असाच घडतो. पुस्तकात त्याला अभिवृत्ती म्हणतात, आपण कल म्हणू. पोर ऐकतं त्यापेक्षा बघतं जास्त. मोठी माणसं कुणाला बघून उठून उभी राहतात, कुणाला बघून नाक मुरडतात, कुणाचं नाव निघाल्यावर गप्प होतात, हे सगळं ते टिपत असतं. पुन्हा पुन्हा दिसलं की तेच त्याला बरोबर वाटू लागतं. आणि मोठं झाल्यावर आपण म्हणतो, "माझं मत असं आहे." त्यातलं आपलं किती आणि गल्लीचं किती, हे आपण कधी चाळून बघत नाही.

बरं, कल घडला म्हणजे वागणं त्याच्याप्रमाणेच होतं का? तसंही नाही. माणसाच्या मनात एक असतं आणि चारचौघांत तो दुसरंच वागतो. यावर एका माणसानं केलेला प्रयोग तुम्हाला सांगते.

सोलोमन ॲश नावाचे एक अभ्यासक होते. जन्म पोलंडचा, लहानपणी अमेरिकेत गेले. १९५०च्या सुमाराला त्यांनी कॉलेजच्या पोरांवर एक साधा प्रयोग केला. सात-आठ पोरं एका खोलीत बसवायची. एका कार्डावर एक रेघ दाखवायची, दुसऱ्या कार्डावर तीन रेघा. या तिघींतली कोणती पहिलीएवढी आहे, ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. इतकं सोपं, की आपल्या बालवाडीतलं पोर सांगेल. पण गंमत अशी, की त्यातला एकच पोरगा खरा होता. बाकीचे सगळे ॲशसाहेबांनी आधी पढवून ठेवलेले. ते सगळे एकापाठोपाठ एक ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या पोराची पाळी शेवटी-शेवटी यायची. त्याला डोळ्यांनी दिसतंय एक आणि कानावर पडतंय दुसरंच.

काय केलं असेल त्यानं? एकटा बसून उत्तरं दिली तर पोरं जवळजवळ चुकतच नव्हती. पण या घोळक्यात शंभरातली साधारण सदतीस उत्तरं चुकली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी घोळक्याच्या मागं जाऊन चुकीचं उत्तर दिलं. नंतर विचारलं तर कुणी म्हणाला, "मला वाटलं माझेच डोळे बिघडले." कुणी म्हणाला, "मला दिसत होतं बरोबर, पण वेगळं कशाला दिसायचं?"

तिथं तर नुसत्या रेघा होत्या. चुकीचं सांगून काही मिळणार नव्हतं, बरोबर सांगून काही जाणार नव्हतं. समोरची पोरं अनोळखी. तरी एवढा दाब. मग माझ्या आईवर केवढा असेल? तिच्यामागं सासू होती, जाऊ होती, समोरच्या दारातली बाई बघत होती, पाणवठ्यावर बोलणं होणार होतं, आणि उद्या लेकीचं लग्न व्हायचं होतं. घाटात यातलं कुणी नव्हतं. घाटात सगळे एकमेकांना माऊली म्हणत होते आणि तहान सगळ्यांना सारखी लागली होती.

म्हणजे त्या आजोबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. माणूस वारीत चांगला वागतो, कारण चांगलं वागणाऱ्यांच्या घोळक्यात असतो. गावात परततो तेव्हा घोळका बदलतो, म्हणून वागणं बदलतं. संगतीवर आपल्या संतांनी किती सांगितलंय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी फक्त हिशेब मांडते. पालखीची वाट २१ दिवसांची आणि गाव ३४४ दिवसांचं. तुम्हीच सांगा, कुणाचं पारडं जड?

पण ॲशसाहेबांच्या प्रयोगाचा पुढचा भाग ऐका, कारण आपल्या कामाचा तोच आहे. त्यांनी काय केलं, त्या पढवलेल्या पोरांमध्ये एकाला बरोबर उत्तर द्यायला सांगितलं. एकच. बाकी सगळे चुकीचं सांगतायत, पण एक जण खरं बोलतोय. तेवढ्यानं खऱ्या पोराच्या चुका साधारण चौथ्या हिश्श्यावर आल्या. एक सोबती मिळाला आणि डोळ्यांना दिसतंय ते बोलायचं बळ आलं. मग त्यांनी आणखी एक करून बघितलं. तो सोबती मधेच फितला, तोही घोळक्याबरोबर चुकीचं सांगू लागला. तशा चुका पुन्हा वर चढल्या. पण सोबती फितला नाही, काही कामाचं निमित्त करून नुसता निघून गेला, तर चुका वाढल्या खऱ्या, पण तेवढ्या नाही. त्याचं बळ तो गेल्यावरही थोडं मागं राहिलं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता हा एकट्याचा आवाज आपल्याकडे नवा आहे का? माऊलींच्या पालखीतली समाजआरती आठवा. मुक्कामाला हजारो माणसं जमलेली. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. टाचणी पडली तरी ऐकू यावी. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, काही हरवलं असेल, कुणावर अन्याय झाला असेल, त्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो. केवढी शहाणी रीत आहे ही! हजारो गप्प असताना एकाला आवाज करायची मुभा, आणि तो आवाज दाबायचा नाही, त्याच्याकडे चालत जायचं. ॲशसाहेबांनी ही आरती पाहिली असती तर खूश झाले असते.

पण माऊली, खरं बोलायचं तर आपण ती मुभा सगळीकडे दिली नाही. आपल्याच दिंडीची गोष्ट सांगते. शताब्दीचा अंक आहे, त्यात नुसता गौरव नको. माझ्या लहानपणी आपल्या दिंडीत भजन एकत्र होतं आणि पंगत वेगळी होती. आपल्याच नव्हे, पुष्कळ दिंड्यांत हीच तऱ्हा. इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' नावाचा लेख त्यांनी लिहिला, त्यात ही खंत त्यांनीही लिहून ठेवली आहे. आपल्याकडे वस्तीतली मंडळी तंबूच्या पलीकडच्या अंगाला बसायची. वाढायचे सगळ्यांना सारखंच, पण ओळ वेगळी. कुणी कुणाला तसं सांगत नव्हतं. ते आपोआप तिकडं बसायचे आणि आपण आपोआप इकडं. या 'आपोआप'मध्येच सगळं आलं.

मी बारा वर्षांची असताना, तरडगावच्या मुक्कामाला, आपले तेव्हाचे विणेकरीबाबा आपली पत्रावळ घेऊन उठले. आधी कुणाला वाटलं, मीठ आणायला निघाले. ते सरळ पलीकडच्या ओळीत गेले आणि मावशीच्या म्हाताऱ्या सासऱ्याशेजारी मांडी घालून बसले. बोलले काही नाही, जेवायला लागले. आमच्या ओळीत शांतता. भाकरी मोडल्याचा आवाजसुद्धा नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, मला फार वाटला. मग माझ्याशेजारून आई उठली. मागं सुताराची काकू उठली. मग एक-एक करत किती तरी उठले. सगळे नाही उठले. काहींनी हात धुतले आणि अर्धपोटी निघून गेले. त्यातल्या दोघांनी पुढच्या वर्षी दुसरी दिंडी धरली.

पहिला उठला त्याचं धाडस सगळ्यांत मोठं, हे तर आहेच. पण दुसरं माणूस उठलं नसतं तर पहिला वेडा ठरला असता. म्हणून मी माझ्या आईचाही मान त्यांच्या बरोबरीनं मानते.

पंढरपुराचं मंदिर तरी सगळ्यांना कसं उघडं झालं? साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगाव सभा घेतल्या, लोकांची मनं तयार केली. आणि मग १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मे रोजी उपोषण सुटलं, दार उघडायचं ठरलं. उपोषण सगळ्यांना आठवतं. आधीचा दौरा फारसा कुणाला आठवत नाही. पण एकट्याच्या आवाजाला सोबती मिळाले ते त्या दौऱ्यात.

बरं, पंगत एक झाली. पण ती झाली वारीत. गावाचं काय? आई परत वरूनच पाणी घालणार की काय, याची मी वाट बघत होते.

इथं दुसरा एक प्रयोग सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मटण सैन्याकडे जाऊ लागलं. सरकारला वाटलं, घरच्या बायकांनी काळीज, गुर्दे असले प्रकार रांधावेत. आपल्या माळकऱ्यांना ऐकूनच कसंसं होईल, पण त्या बायकांनाही तसंच होत होतं, म्हणून तर सांगते! कर्ट लेविन नावाच्या अभ्यासकानं बायकांचे गट केले. काही गटांना तज्ज्ञांचं छान व्याख्यान दिलं. पौष्टिक कसं आहे, देशाचं काम कसं आहे, स्वयंपाक कसा करायचा, सगळं. दुसऱ्या गटांना व्याख्यान दिलं नाही. त्यांना आपापसात बोलू दिलं. अडचण काय आहे, नवरा काय म्हणेल, वास कसा घालवायचा. आणि शेवटी विचारलं, "कोण करून बघणार? हात वर करा." नंतर घरोघरी विचारपूस केली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शंभरात तिघींनी करून बघितलं होतं. बोलून, हात वर करून ठरवलेल्यांपैकी शंभरात बत्तीस जणींनी.

व्याख्यान देणाऱ्या बाईनंच हे सांगावं म्हणजे कमाल आहे! पण खरं आहे ते सांगायला नको का?

आमच्या गल्लीत हेच झालं, कुणाला लेविन माहीत नसताना. त्या वर्षी वारीहून आल्यावर आई, सुताराची काकू आणि आणखी एक जण अशा तिघी आमच्या न्हाणीमागं बसून कुजबुजल्या. मी तिथंच भांडी घासत होते. मुद्दा होता मावंद्याचा. वारी करून आलं की मावंदं घालायचं, गल्ली जेवायला बोलवायची. मावशीला बोलवायचं की नाही? बोलवलं तर बसवायचं कुठं? काकू म्हणाली, "माझा मालक काय म्हणेल?" आई म्हणाली, "माझी सासू काय म्हणेल?" तिसरी म्हणाली, "तिघींनी एकाच दिवशी मावंदं घातलं तर कोण कुणाला बोलणार?" झालं! तिघींचं मावंदं एका दिवशी, एका मांडवात, आणि मावशी ओळीत मधोमध. आजीनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चहा मागितला.

मावशी पुढं खूप वर्षं जगली. एकदा मी तिला विचारलं, तुला त्या वेळी काय वाटायचं? ती म्हणाली, "पाणी वरनं पडणं मला नवं नव्हतं गं. घाटात तुझ्या आईनं तांब्या मागितला, तेव्हाच मला धडकी भरली. वाटलं, आता गावात गेल्यावर ही माझ्याकडं बघायची नाही." आपण वारीत चांगलं वागतो आणि गावात पाठ फिरवतो, तेव्हा समोरच्याला काय सोसावं लागतं, हे तिच्या त्या एका बोलण्यानं मला कळलं.

आता शेवटची गोष्ट. ही सांगावी की नाही, यावर मी दोन रात्री विचार केला. माझ्या वडिलांची आहे. ते असते तर म्हणाले असते, सांग.

अण्णा दारू प्यायचे. गावात बऱ्याच जणांना आठवत असेल. आईनं हट्टानं त्यांना वारीला नेलं. त्या २१ दिवसांत थेंब घेतला नाही. पंढरपुरात माळ घातली, चंद्रभागेत उभं राहून रडले. आम्हाला वाटलं, सुटलो. श्रावण गेला, भादवा आला. बाजारच्या दिवशी पारावरची जुनी मंडळी म्हणाली, "काय महाराज, आता आमच्यात बसणार नाही होय?" एक दिवस गेला, दोन दिवस गेले. तिसऱ्या बाजाराला अण्णांनी घरी येऊन माळ काढली, खुंटीला अडकवली आणि परत गेले. रात्री कसे आले ते सांगत नाही.

आणि आपण, म्हणजे दिंडीनं, काय केलं? गावभर झालं, "माळेचा अपमान केला." भजनाला आले तर लोक सरकून बसू लागले. मग त्यांनी येणं सोडलं. पुढच्या वर्षी वारीला आले नाहीत. पारावरच्यांनी मात्र त्यांना कधी अंतर दिलं नाही, हेही तितकंच खरं. ते रोज वाट बघायचे. ॲशसाहेबांचा सोबती मधेच फितला की चूक परत येते, ते हेच. अण्णांचे सोबती आपण होतो, आणि आपणच बाजूला झालो.

वर्षभरानं एका एकादशीला, दिवेलागणीला, विणेकरीबाबा घरी आले. नेमकी अण्णांची बाहेर पडायची वेळ. उपदेश केला नाही, माळेचं नाव काढलं नाही. म्हणाले, "टाळाची एक जोडी रिकामी पडलीय, माणूस मिळंना. चल." अण्णा म्हणाले, "बाबा, माझ्या गळ्यात माळ नाही." बाबा म्हणाले, "टाळ हातात धरायचा असतो. ऊठ."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आले. तिसऱ्या दिवशीही. बाबांना जमलं नाही त्या दिवशी दुसरं कुणी यायचं. चार जणांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्यांतला एक अण्णांना तालुक्याच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेला. ते बरं केलं, कारण जुनी दारू एकदम तोडली तर हात कापतात, झोप उडते, कधी जिवावरही बेततं. तिथं औषध लागतं, नुसता टाळ पुरत नाही. मधे दोनदा अण्णा घसरले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कुणी ना कुणी दारात उभं होतंच. चौथ्या वर्षी त्यांनी पुन्हा माळ घातली. पुढं बाबा वारले, पण तोवर दिवेलागणीला पाय आपोआप भजनाकडे वळत होते. शेवटची एकोणीस वर्षं अण्णांनी दारूला हात लावला नाही.

लोक म्हणतात, आधी मन बदलायला पाहिजे, मग वागणं बदलेल. अण्णांचं उलटं झालं. आधी टाळ हातात आला, मग रोजचं येणं-जाणं सुरू झालं, आणि मन पुष्कळ मागून आलं. वारीचंही तेच आहे. पाया पडायची इच्छा असो-नसो, समोरचा वाकला की आपण वाकतो. हजार वेळा वाकल्यावर कधीतरी आतून वाकायला होतं. आणि या वाकण्याचे कुणी पैसे देत नाही, म्हणून ते आपलं होतं. मजुरी घेऊन वाकला असता तर माणूस म्हणाला असता, पैशासाठी वाकलो.

आता उपदेश नको, काम सांगते. शंभर वर्षं झाली, पुढच्या शंभरासाठी माझ्या चार विनंत्या.

पहिली. वारीहून आल्यावर दिंडी मोडते आणि माणूस एकटा पडतो. तसं करू नका. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, चातुर्मासाचे चार महिने, एका आळीतल्या चौघा-पाचांनी एकमेकांना धरून राहा. ज्यानं नवीन माळ घातली, ज्यानं तंबाखू सोडली, त्याच्याकडे दिवेलागणीला फेरी मारा. तीच वेळ कठीण असते.

दुसरी. कुणी घसरला तर आठ दिवसांच्या आत त्याच्या घरी जा. माळ काढली म्हणून माणूस काढू नका. तुम्ही सरकून बसलात की पारावर त्याला जागा आहेच. आणि आजचा पार तर खिशातल्या मोबाईलमध्येही आहे, तो चोवीस तास उघडा असतो.

तिसरी. दिंडीच्या वार्षिक बैठकीत समाजआरतीची रीत आणा. अध्यक्षांनी सगळ्यांना गप्प करावं आणि विचारावं, कुणाचा टाळ वाजतोय का? त्या वेळी सगळ्यांत मागं बसलेली बाई बोलली तरी चोपदारानं तिच्यापर्यंत चालत जावं. आज या मांडवातही बायका मागंच बसल्यात, हे मला इथून दिसतंय.

चौथी. ठराव वाचून दाखवू नका, बसून बोला आणि हात वर करून ठरवा. पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले मुक्कामाच्या शेतात पडतात. एक पडलेला दिसला की दुसरा टाकतो, मग सगळेच टाकतात. शेतकऱ्याच्या रानात आपण २१ दिवस पाहुणे असतो. व्याख्यानानं हा कचरा थांबत नाही. प्रत्येकानं आपली ताटली बरोबर घ्यायची, हे तुम्ही आपापसात ठरवलंत तर थांबेल.

त्या आजोबांनी विचारलं होतं, माणूस वारीत असतो तसा घरी का राहत नाही. आजोबा, एकट्यानं राहता येत नाही म्हणून. माझी आई एकटी असती तर वरूनच पाणी घालत राहिली असती. तिला दोघी मिळाल्या. अण्णांना चौघे मिळाले. एवढीच माणसं लागतात, जास्त नाही. पण ती रोज लागतात.

तो पितळेचा तांब्या मावशीच्या सुनेनं जपून ठेवलाय. समितीनं परवानगी दिली तर उद्याच्या काल्याला पाणी त्याच तांब्यानं वाढावं, अशी माझी इच्छा आहे. ती सून इथंच बसली आहे. तिला मी विचारलंय, ती हो म्हणाली आहे.

जास्त बोलले असेन तर लेक समजून पदरात घ्या.

रामकृष्ण हरी.